मान कापली तरी बूड झिजतेच

टेक्सासमध्ये आल्यापासून रायफलची काडतुसे मी घरीच भरतो. भारतात हेच काम परवान्याशिवाय केले तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा ठरतो. सुरुवातीची दोन वर्षे पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळीची; उडवल्यावर हीच पुन्हा भरतात) लांबी मोजणे आणि वाढलेली मान, म्हणजे गोळी धरणारे अरुंद टोक, कापणे, एवढीच काळजी मी घेत होतो. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच असते. ती ओलांडली की मान २.००५ इंचांवर आणायची. ही कापणी टाळता येत नाही, कारण लांबलेल्या मानेचे तोंड चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसते त्या पोकळीच्या) पुढच्या काठात दाबले जाते, गोळी मोकळी सुटत नाही आणि आतला दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. मात्र कापताना पडणारा तो सोनेरी कीस मुळात कुठून येतो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

बार उडताना पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात, जाड बूड मात्र मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) रेटले जाते आणि या ओढाताणीत बुडाच्या किंचित वरचे पितळ ताणून पातळ होते. पुढे साइझिंग डायमध्ये (फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) पुंगळी आवळली की पितळ मानेच्या दिशेने सरकते. एक्स्पांडरचा, म्हणजे मान आतून मापाला आणणारा, गोळा तेलाशिवाय मानेतून ओढला, तर मान आणखी थोडी लांबते. मान कापल्याने लांबी तेवढी जागेवर येते, बुडाजवळची भिंत काही भरून निघत नाही.

मी डाय शेलहोल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून वर पाव आटा पिळत असे, त्यामुळे खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी सात-आठ थाउ मागे जात होता. (पुण्याच्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही थाउच म्हणत असू.) पाचव्या भरणीनंतर एका पुंगळीवर बुडाच्या जरा वर चकचकीत वळे दिसले. यू-पिन सरळ करून तिच्या टोकाला आकडी काढली आणि आतून भिंतीला घासत वर आणली, तर नेमकी त्या वळ्यापाशी ती खाचेत अडकली. पुंगळी उभी चिरली तेव्हा भिंतीत गोल फिरलेली खोबण स्पष्ट दिसली. पुढच्या एखाद्या बाराला तिचे दोन तुकडे होऊन तप्त वायू माझ्या तोंडाच्या दिशेने आला असता. ती पन्नास पुंगळ्यांची सगळी रास मी भंगारात काढली.

आता कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचे माप घेणारा जोड) लावून उडवलेल्या पुंगळीचा खांदा आधी मोजतो आणि बोल्ट-ॲक्शनसाठी डाय एवढाच खाली आणतो, की खांदा दोन थाउ मागे जावा. मानेच्या आतूनही ब्रशने वंगण फिरवतो. कापायची पाळी आता बऱ्याच भरण्यांनंतर येते.

जुन्या .३०३ ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलला मात्र हा हिशेब पुरत नाही. तिचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते आणि लष्करी चेंबर खांद्यापाशी ऐसपैस असतो, त्यामुळे नवी पुंगळी पहिल्याच बाराला बरीच ताणली जाते. तिच्या पुंगळ्यांची मी फक्त मान साइझ करतो, आणि आकडी प्रत्येक भरणीला प्रत्येक पुंगळीतून फिरवतो.