मोटर आहे, मग पाय कशाला मारता?

आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवरचे वॉचमनकाका आठवड्यातून एकदा तरी विचारतात, "साहेब, सायकलला बॅटरीची मोटर बसवलीय ना, मग पाय कशाला मारता?" सोसायटीच्या लिफ्टमध्येही हेच, वर "एवढ्या पैशांत जुनी स्कूटर आली असती" ही पुरवणी.

तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी मोटर चाकात नाही, पायडलच्या मुळाशी आहे. बीबी, म्हणजे पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो बॉटम ब्रॅकेटचा आस, काढून तिथे बसवलेली. हिला म्हणतात मिड-ड्राइव्ह. चाकातली हब मोटर चाकालाच फिरवते, सायकलच्या गिअरशी तिचं देणंघेणं नाही. चढावर वेग पडला की बसते करंट ओढत, तापत. माझी मोटर चेन ओढते. मी हलका गिअर टाकला की तिचंही ओझं हलकं होतं. ठाण्याहून निघालं की कळव्याच्या पुलाचा चढ लागतो, तिथे हे मांड्यांना पहिल्याच दिवशी कळलं. आत टॉर्क सेन्सर आहे. पाय जेवढा दाबाल त्या हिशेबात मोटर साथ देते, पाय थांबले की तीही थांबते. मला सायकल चालवायची होतीच हो. फक्त ऑफिसात पोचल्यावर शर्ट पिळायची वेळ नको होती.

राहिली स्कूटर. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहिलं की लायसन्स नको, नंबरप्लेट नको. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरला निम्मीच्या वर थोडी लागते, पूर्ण चार्जला अर्धा युनिटही वीज जात नाही.

चेनचा खर्च मात्र वाढला. माझा आणि मोटरचा, दोघांचा जोर तिच्या एकटीवर. दुसऱ्याच आठवड्यात पुलाच्या ऐन चढावर पाय दाबून धरलेला असतानाच गिअर बदलला आणि चेन तुटली. कळवा नाक्यापर्यंत ढकलत नेली. सायकलवाले चाचा चेन जोडता जोडता म्हणाले, "गिअर टाकताना पाय सैल सोडा, मोटर आपोआप नरमेल." मोटरच्या पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं म्हणे. वाचतो कोण!

तुमच्या मनात असेल तर आधी सायकल आडवी करून बघा. बीबीचं नळकांडं आतून आट्यांचं आणि ६८ मिलिमीटर रुंद असेल तर बहुतेक मोटरी बसतात. पोरांच्या काही सायकलींना दोन्ही पायडलांचा मिळून एकच वाकवलेला गज असतो. तसं असेल तर नाद सोडा.

आणखी एक, हे विकणारा सांगत नाही: मोटर सायकलच्या सगळ्यात खालच्या जागी लटकते. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की आधी तीच बुडणार, ढकलत नेली तरी. म्हणून जुलैतल्या तशा दिवशी सायकल घरी आणि मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलला: दिघा गाव, ऐरोली, रबाळे. त्या दिवशी काका सायकलचं काही विचारत नाहीत. विटाव्यातच राहतात ते, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून आलेले असतात.