तणस, गव्हाणी आणि सदरमधली रात्र

विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट शेवटपर्यंत आरएसीच राहिले, म्हणून कल्याणपासून पुढची सारी रात्र बाजूच्या खालच्या बाकावर वर्ध्याच्या एका सद्गृहस्थांबरोबर पाय आखडून काढली. येशूच्या जन्मावेळी धर्मशाळेत जागा न मिळालेल्या योसेफ-मरियेची आठवण अशा वेळी कॅथलिक माणसाला हटकून होते. ती जरा स्वस्तातली आठवण आहे, हेही खरे. नाताळ हा सांताक्लॉजचा वाढदिवस का, असे त्या सद्गृहस्थांनी मनापासून विचारले. तो मुळात चौथ्या शतकातला मायराचा बिशप संत निकोलस, आणि त्याचा सण ६ डिसेंबरला येतो, असे मी सांगितले. मग आमचा नाताळ चार रविवार आधीच कसा सुरू होतो, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी कशी होतात आणि तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी का असतात, हेही सांगत बसलो. वर्ध्याला ते उतरले तेव्हा उजाडले होते.

मावशी लग्नानंतर वसईहून नागपूरला आली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. दारातच तिने विचारले, “थंडी वाजून राहिली न रे?” आम्ही वसईकर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी ज्याला पेंढा म्हणतो त्याला ती आता तणस म्हणते, आणि ते भंडाऱ्याकडच्या धानाचे असते. गोठ्यात मेंढरे, गाय, योसेफ, मरिया सगळे जागच्या जागी होते. गव्हाणी मात्र रिकामी. बाळ येशू कपाटात, रुमालात गुंडाळलेले. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतल्यावरच ते बाहेर निघते, त्याआधी कोणी हात लावायचा नाही.

रात्री मला थोडे आधी जायचे होते, म्हणून एकटाच निघालो. रिक्षावाल्याने ‘सदरचे मोठे चर्च’ एवढेच ऐकून मला ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी उतरवले. ते प्रोटेस्टंट बांधवांचे. आमचे संत फ्रान्सिस डी सेल्सचे कॅथेड्रलही सदर भागातच आहे. दोष माझाच, पत्ता नीट सांगितला नव्हता. उरलेले अंतर कानटोपी ओढून चालत गेलो.

नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. इथे काम केलेले मिशनरी आताच्या फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतातले, त्यामुळे त्यांच्याकडचा हा संत विदर्भात आला. तो जिनिव्हाचा बिशप होता. पण जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीय प्रोटेस्टंटांच्या हाती गेलेली असल्याने त्याला आपल्या धर्मपीठाच्या शहरात कधी राहता आले नाही, तो ॲनसीत राहिला. २८ डिसेंबर १६२२ रोजी, नाताळच्या आठ दिवसांच्या अष्टकातच, लियोंमधल्या एका मठाच्या आवारातील माळ्याच्या घरात तो वारला. आरएसीच्या बाकावर सुचलेली तुलना मला इथे पुन्हा आठवली आणि या वेळी ती तितकी स्वस्त वाटली नाही.

मिस्सा इंग्रजीत होती. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात रविवारी न गायलेला ग्लोरिया, म्हणजे देवाचे स्तुतिगीत, घंटांच्या गजरात सुरू झाला, तेव्हा माझ्या शेजारची, शालीत पाय गुंडाळून पेंगत असलेली मुलगी दचकून उठली. यशयाचे अंधारात चालणाऱ्या लोकांविषयीचे वाचन झाले, लूकचे शुभवर्तमान झाले. पण ज्यासाठी मी दरवर्षी थांबतो ते यानंतर येते. विश्वासांगीकारात, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, ‘तो मनुष्य झाला’ या शब्दांपाशी एरवी आपण नुसती मान लववतो. नाताळच्या दिवशी मात्र सगळी सभा गुडघे टेकते. ध्वनिक्षेपकातून कोणी सूचना द्यावी लागली नाही. शेकडो माणसे एकदम खाली गेल्याचा तो जड, अस्पष्ट आवाज झाला आणि क्षणभर सगळे शांत. देव उंचावर आहे म्हणून वाकणे कोणालाही समजते; तो आपल्याइतका खाली आला, म्हणून आपण आणखी खाली जायचे, हे मला अजूनही पूर्ण उमगलेले नाही. मी ते शब्द मनातल्या मनात मराठीत म्हटले.

घरी पोहोचलो तेव्हा मावशी जागीच होती. गुडघेदुखीमुळे ती संध्याकाळच्या मिस्सेला जाऊन आली होती. तरी कपाट तिने उघडले नव्हते. केक, करंज्या आणि सोललेली संत्री ताटात मांडून ठेवली होती. घरातला वयाने सर्वांत लहान तूच, असे म्हणून तिने चाळिशी ओलांडलेल्या माझ्या हाती रुमाल दिला. बाळ तणसावर ठेवताना त्याचा एक हात जुन्या डिंकाने चिकटवलेला दिसला.

तिन्ही राजे अजून फ्रिजवरच उभे होते. जानेवारीत त्यांचा सण येईपर्यंत ती त्यांना रोज थोडे थोडे गोठ्याकडे सरकवते. मी परतीला निघालो त्या सकाळी ते टीव्हीपर्यंत आले होते.