चार टेराबाइटची एसएसडी : अकोल्यातील दहा महिन्यांच्या नोंदी

फेब्रुवारी २०२५

माझ्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड (सारे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), पाचशे जीबीची जुनी एनव्हीएमई एसएसडी (फ्लॅश मेमरीवर चालणारी जलद साठवण) आणि ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्या घेणारी, दोन टेराबाइट हार्ड डिस्क आहे. एसएसडीवर विंडोज आणि जेमतेम एक मोठा गेम मावतो. बाकी सारे हार्ड डिस्कवर. ही व्यवस्था काही वर्षे चालली, परंतु आता गेमच ती चालू देत नाहीत. बाल्डर्स गेट ३ किमान गरजांतच दीडशे जीबी जागा मागतो आणि तीही एसएसडीवर. स्टारफील्डची मागणी १२५ जीबीची आहे. सायबरपंक २०७७ सत्तर जीबीत भागतो, पण २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून त्याच्याही किमान गरजांत एसएसडी आहे.

त्यामुळे एसएसडी घ्यायची की नाही, हा प्रश्न उरलाच नव्हता. केवढी घ्यायची, एवढेच ठरवायचे होते. मला मिळालेल्या भावात दोन टेराबाइटची जेन ४ (पीसीआयई या जोडणीच्या चौथ्या पिढीची) एसएसडी सुमारे साडेअकरा हजार रुपयांना पडत होती आणि चार टेराबाइटची पंचवीस हजारांना. म्हणजे मोठी वस्तू घेतल्यावर दर जीबीमागे स्वस्त पडेल हा किराणा दुकानातला हिशेब येथे उलटा होता : दोन टेराबाइटला जीबीमागे पावणेसहा रुपये, तर चारला सव्वासहा. तरीही मी चारची घेतली. त्यातला किती भाग गरजेचा होता आणि किती हौसेचा, हे पाहण्यासाठीच ही नोंदवही सुरू केली आहे.

त्याच आठवड्याचा शेवट

बसवणी अर्ध्या तासाची होती. मला अख्खी दुपार लागली, आणि दोष सर्वस्वी माझा होता. या बोर्डावर प्रोसेसरला थेट जोडलेला पहिला एम.२ स्लॉट (एसएसडी बसवण्याची खाच) पीसीआयई ४.०चा, म्हणजे जेन ४चा आहे आणि चिपसेटमार्गे (बोर्डावरच्या दुय्यम चिपमधून) चालणारा दुसरा ३.०चा. जुनी एसएसडी मुळातच जेन ३ असल्यामुळे तिला दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून नवी पहिल्यात बसवली, इथवर सारे ठीक होते. संगणक सुरू केला तर हार्ड डिस्क गायब. केबल बदलली, पॉवरची जोडणी तपासली, डिस्क कानाशी धरून ती फिरत असल्याची खात्रीही करून घेतली. शेवटी मॅन्युअल उघडले, तेव्हा कळले की दुसरा एम.२ स्लॉट वापरात आला की पाचवा आणि सहावा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल जोडण्याची जागा) बंद होतो. माझी डिस्क नेमकी पाचव्यावर होती. बी५५०च्या अनेक बोर्डांवर अशी विभागणी असते, म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी तेवढे एक पान वाचून घ्यावे.

चार टेराबाइट विंडोजमध्ये ३.६३ दिसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढेच त्यामागचे कारण आहे. हार्ड डिस्कवरचे १.४ टेराबाइट गेम स्टीम या गेम-दुकानाच्या ॲपमधूनच नव्या लायब्ररीत हलवले, त्याला साडेचार तास लागले. अर्थात हा वेळ नव्या एसएसडीने नव्हे, जुन्या डिस्कने खाल्ला.

मार्च

आता वेगाविषयी. स्टॉपवॉच घेऊन सायबरपंकचा तोच सेव्ह तिन्ही ठिकाणांहून तीन-तीनदा उघडला. हार्ड डिस्कवरून सरासरी ५४ सेकंद, जुन्या जेन ३ एसएसडीवरून १४ आणि नव्या जेन ४ वरून १३. कागदावर जुन्या एसएसडीचा वाचनवेग सेकंदाला ३५०० एमबी आहे आणि नवीचा ७०००. हाती मात्र एकच सेकंद आला.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यातली दरी खरी आहे आणि तिचे कारण यांत्रिक आहे. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, म्हणजे हवा असलेला भाग वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद केवळ वाट पाहण्यात जातात. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान फायली वाचायच्या झाल्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभरसुद्धा वाचने करू शकत नाही. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होते. परंतु एकदा ही वाट पाहणे संपले की पुढचा बहुतेक वेळ प्रोसेसर दाबून ठेवलेला डेटा उलगडण्यात आणि गेमचे जग उभारण्यात घालवतो, आणि तेथे ३५०० काय किंवा ७००० काय, फरक पडत नाही. हे ओझे हलके करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२२ साली डायरेक्टस्टोरेज हे तंत्र पीसीवर आणले आणि २०२३ साली रॅचेट अँड क्लँक या गेमच्या पीसी आवृत्तीने ग्राफिक्स कार्डावर डेटा उलगडण्याची सोय वापरलीही. पण माझ्या लायब्ररीत तिचा उपयोग करणारे गेम बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

जेन ५ घेतली नाही याचे मला म्हणूनच जराही वाईट वाटत नाही. माझ्या बोर्डावर ती तशीही जेन ४च्याच वेगाने चालली असती.

मे

बाहेर ४४ अंश, कूलर चालू असूनही खोलीत ३७. ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या बाजूला बसलेली एसएसडी नुसती पडून असताना ५७ अंश दाखवते, खेळताना ६६च्या पुढे जात नाही. परंतु तीनशे जीबीची सलग नक्कल केली तेव्हा ८१पर्यंत गेली आणि वेग घसरला. बोर्डासोबत आलेल्या हीटसिंकवरील (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवरील) धूळ काढून पुढचा पंखा थोडा वाढवल्यावर तेच काम ७४ अंशांत झाले. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेण्याचा मोह विदर्भातल्या मंडळींनी टाळावा. त्यातून थंडाव्यापेक्षा दमटपणा आणि धूळच अधिक आत जाते.

ऑगस्ट

सहा महिन्यांनी हिशेब मांडतो. माझी इंटरनेट जोडणी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सारे सुरळीत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी. दीडशे जीबीचा गेम पुन्हा उतरवायला तीन तास वीस मिनिटे लागतात आणि मध्ये वीज गेली तर संध्याकाळ हातची जाते. पूर्वी मी महिन्याकाठी दोन-तीन गेम काढून पुन्हा उतरवत असे. फेब्रुवारीपासून एकही काढलेला नाही. मोठ्या एसएसडीने दिलेली खरी वस्तू हीच. दुसरी गोष्ट मी अपेक्षिली नव्हती : मोठ्या गेमचा अपडेट डाउनलोड झाल्यावर स्टीम जुन्या फायली वाचून नव्या लिहिते, आणि हार्ड डिस्कवर हे काम अनेकदा डाउनलोडपेक्षाही लांबायचे. आता चहा होईपर्यंत उरकते.

मात्र एका निर्णयात मी चुकलो, असे आता वाटते. क्यूएलसी प्रकारची फ्लॅश मेमरी नको म्हणून मी टीएलसी प्रकारासाठी जादा पैसे मोजले. टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट असतात आणि क्यूएलसीच्या पेशीत चार. त्यासाठी आठऐवजी सोळा विद्युतपातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून लिहिणे संथ होते आणि आयुष्यही कमी भरते. हे सारे खरे आहे. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओमध्ये, म्हणजे साटा प्रकारातल्या क्यूएलसी एसएसडीत, चार टेराबाइटच्या नगाचा ७८ जीबीचा जलद कॅश (लेखन आधी जेथे उतरते ती तात्पुरती जागा) भरला की लेखनवेग सेकंदाला १६० एमबीपर्यंत खाली येतो. परंतु माझे डाउनलोड साडेबारा एमबीने येत असताना त्या १६०ची अडचण मला कधी जाणवणार होती? त्याच नगाची लेखनमर्यादा १४४० टेराबाइट आहे. रोज शंभर जीबी लिहिले तरी ती गाठायला एकोणचाळीस वर्षे लागतील. गेम एकदा लिहिला जातो आणि शेकडो वेळा वाचला जातो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने टीएलसीच घ्यावी. नुसते गेम ठेवण्यासाठी मी आज तो आग्रह धरला नसता.

आजवर भरलेली जागा २.१ टेराबाइट आहे, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

डिसेंबर

हेलडायव्हर्स २ या गेमची पीसी आवृत्ती या महिन्यात सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आली. हार्ड डिस्कवर हेड फार सरकावे लागू नये म्हणून त्याच फायलींच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या होत्या, त्या गेम बनवणाऱ्या ॲरोहेडने निक्सेस या स्टुडिओच्या मदतीने काढून टाकल्या. लोडिंगचा बराचसा वेळ फायली वाचण्यात नव्हे, तर नकाशा तयार करण्यात जातो, असे त्यांना मोजणीतून आढळले. हार्ड डिस्कवाल्यांच्या सोयीसाठी एसएसडीवाले सव्वाशे जीबी जागेचे भाडे भरत होते, असाच याचा अर्थ. माझ्या मोजणीशीही ते जुळते. मी स्टीममधून ही आवृत्ती निवडली आणि माझी भरलेली जागा एका रात्रीत दोन टेराबाइटच्या खाली आली, म्हणजे जी घेतली नाही तिच्या मापात.

दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे फ्लॅश मेमरीचे भाव या हिवाळ्यात चढले आहेत. नागपूरचा भाचा नवा संगणक जुळवतो आहे, त्याने विचारले, "मामा, चारचीच घेऊ का?" मी त्याला दोन टेराबाइटची जेन ४ घ्यायला आणि बोर्ड निवडताना दुसरा एम.२ स्लॉट कोणते साटा पोर्ट बंद करतो ते पाहायला सांगितले. माझी हार्ड डिस्क आता पहिल्या पोर्टवर आहे आणि तिच्यावर जुने, लहान गेम अजूनही विनातक्रार चालतात.