विसरलेलं ऐकणं-बघणं : तिसऱ्या महिन्याची नोंद

मंडळी, तिसरा महिना संपला. ठरलं होतं आठवड्याला एक अल्बम आणि एक पिक्चर, दोन्ही असे की ज्यांचं नाव आपल्याला कुणी आपणहून सांगणार नाही. टार्गेट 12-12 चं, झालेत 9 अल्बम आणि 5 पिक्चर. हसू नका, त्यातल्या एकाच पिक्चरला तीन रात्री गेल्यात.

आधी गाण्यांचं. या महिन्यात मिडोरी ताकादा सापडली, जपानी तालवादक, तिचा 1983 चा 'थ्रू द लुकिंग ग्लास'. मरिंबा, घंटा, गाँग, अगदी कोकाकोलाची बाटलीसुद्धा वाजवलीय बाईंनी, आणि सगळं एकटीनेच, एकावर एक थर चढवत. तेव्हा फारसा कुणी घेतला नाही, मग कितीतरी वर्षांनी यूट्यूबवर लोक त्याच्यापाशी येऊन अडकायला लागले आणि 2017 ला रेकॉर्ड परत निघाली. मी आधी हेडफोन लावून, डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखी ऐकायला बसले आणि दहा मिनिटांत कंटाळले. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना स्पीकरवर अगदी बारीक आवाजात लावला, आणि पाखरं बोलायला लागली म्हणून चादर तशीच हातात धरून खिडकीशी जाऊन बघून आले. बाहेर काहीच नाही, पाखरं अल्बममधली! त्या दिवशी मोजे पण जोडीने लागले, जे एरवी होत नाही.

आता तो तीन रात्रींचा पिक्चर. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप', लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम 80 मिनिटांचा. कत्तलखान्यात काम करणारा माणूस, त्याला रात्री झोप येत नाही, आणि मला नेमकी आवरत नाही. दोनदा मधेच घोरले. तिसऱ्यांदा रविवारी सकाळी बघितला तेव्हा कळलं काय चुकवत होते ते. कॉलेजचा थीसिस म्हणून सुट्टीच्या दिवशी शूट करत 70 च्या दशकात केलेला पिक्चर, पण आतल्या गाण्यांचे हक्कच घेतलेले नव्हते, त्यामुळे थिएटरला रीतसर लागायला 2007 उजाडलं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1990 मध्येच तो जपायच्या यादीत घालून ठेवला होता. म्हणजे जपला आधी, लागला नंतर.

त्यात एक सीन आहे, तो दमलेला माणूस गरम कप नुसता गालाला लावून बसतो. बस, एवढंच. मी पॉज करून माझा कप गालाला लावला. करून बघा, फक्त चष्मा आधी काढून ठेवा, माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि पुढचं मिनिटभर काही दिसेना.

नवरा-बायको हळूहळू नाचतात तिथे डायना वॉशिंग्टनचं गाणं आहे, त्यावरून तिचे आणखी दोन अल्बम ऐकले गेले. ती काही विसरलेली वगैरे नाही, त्यामुळे मोजणीत धरले नाहीत, चीटिंग नको. पण क्रेडिट्स शेवटपर्यंत वाचायची सवय लावा, मला अ‍ॅपच्या सजेशनपेक्षा तिथेच जास्त सापडतं.

पुढच्या महिन्यात पहिला नंबर ब्रिटिश गायिका वॅश्टी बनयनचा. पहिला अल्बम 1970 ला, दुसरा थेट 2005 ला. इस्त्रीचा ढीग साठवून ठेवलाय त्यासाठी.