तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला मे महिन्यात खेड्यात कशाला पाठवायचं?

दर एप्रिलमध्ये कुणाच्या तरी आईचा किंवा वडिलांचा फोन येतोच. "मॅडम, एमबीबीएसचा एवढा अभ्यास, त्यातून कशीबशी सुट्टी मिळते. ती विदर्भातल्या उन्हात, खेड्यात कशाला घालवायची? मोठ्या हॉस्पिटलात उभी राहिली तर चार केसेस जास्त बघेल. आणि पीजीच्या अभ्यासाचं काय?" मी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे अख्ख्या गावाच्या, समाजाच्या आरोग्याचा विषय शिकवते. सुट्टीत चार-सहा विद्यार्थ्यांना घेऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांत राहते. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सांगते.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना अशीच गेले होते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एक जुनी योजना आहे, १९७९पासूनची. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिने छोटं संशोधन करायचं. माझा विषय होता उच्च रक्तदाब. पाऱ्याचं यंत्र आणि छापील फॉर्म घेऊन मी रोज सकाळी दहाला निघायचे, दारोदार फिरायचे. आठवड्याने हिशेब केला तर निम्म्याहून जास्त लोकांना रक्तदाब! मी हरखूनच गेले. मग एका ओसरीवर बसलेल्या आजीने विचारलं, "आता कोण भेटते तुले इथं? सारे पहाटेच पत्ता तोडाले गेले. आमी म्हातारेच राहिलो घरी."

मे म्हणजे तेंदूपत्त्याचा, विड्या वळायच्या पानांचा हंगाम. उजाडायच्या आत धडधाकट माणसं जंगलात गेलेली असतात, दुपारनंतर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. माझ्या फॉर्मांमध्ये अख्खं गाव नव्हतंच. वय झालेले आणि आजारी तेवढे होते. मी वेळ बदलली. संध्याकाळी पुडे बांधणाऱ्यांच्या शेजारी बसून मोजलं. आकडा कितीतरी खाली आला.

हॉस्पिटलमध्येही हेच होतं, फक्त उलट बाजूने. तिथे आपल्याला दिसतो तो पोहोचलेला पेशंट. जो पोहोचलाच नाही, त्याचा केसपेपरच निघत नाही. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ओपीडीत बसून हा आकडा कुणालाही दिसला नसता. तुमच्या मुलीने हा आकडा पाठ करू नये, तो कसा सापडतो हे तिने पाहावं, एवढ्यासाठी मी तिला नेते.

दिवस कसा जातो हेही तुम्ही विचारता. सकाळी आरोग्य केंद्राची ओपीडी. आदिवासी भागात एका केंद्राकडे साधारण वीस हजार लोकसंख्या धरलेली असते, उपकेंद्राकडे तीन हजार. डॉक्टर एक, फार तर दोन. विद्यार्थी स्वतः औषध देत नाहीत, हा माझा पक्का नियम आहे. ते बघतात, विचारतात, लिहितात. मग आशाताईंबरोबर गृहभेटी. बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा त्याहून जास्त भरला तर धोका. पुस्तकातली ही ओळ सगळ्यांना येते, पण रडणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ देऊन मग मोजायला आशाताईच शिकवतात. मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि जुलाबाचे पेशंट वाढतात. मग गावाचं पाणी सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर विहिरीवर जाऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर किती आणि कशी टाकायची ते बघायचं, नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरीन उरलंय का याची ओटी टेस्ट करायची, पाणी पिवळं होतं का पाहायचं. जुलाबाचं कारण स्वतःच्या हाताने शोधलेली मुलगी नुसतं सलाईन लावून थांबत नाही.

संशोधन म्हणजे मोठी प्रयोगशाळा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र रात्र बसले, घाम, नाडी, हातापायांचा गारठा टिपत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशाला वापरलं आणि कोकणात मरणारी माणसं वाचू लागली. साधन काय होतं? डोळे, घड्याळ, वही.

एक गोष्ट मात्र पालकांनी विचारलेली नाही, तरी सांगते, कारण मला ती सगळ्यात जास्त बोचते. एका गावात एक बाई मला म्हणाली, "तुमच्या आधीही एक पोरगी आली होती. रक्त घेऊन गेली, लिहून गेली. त्यात काय निघालं, कोणी सांगाले आलं नाही." ती पोरगी कुठली ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांचा अहवाल कॉलेजात जायच्या आधी गावात वाचला जातो, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, मराठीत, कुणाचंही नाव न घेता. परवानगीचा फॉर्म भरून घेतला की काम झालं, असं मला वाटत नाही.

एका वर्षी या वाचनात एका विद्यार्थिनीने सांगितलं, "मे महिन्यात बऱ्याच बायकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुटतात, मधेच बंद होतात, कारण त्यांना आजाराची माहिती नाही." मागून आवाज आला, "माहिती हाय न बाई. पण गोळ्या भेटतात मंगळवारी सकाळी. मंगळवारी पत्ता तोडाचा का गोळ्या आणाच्या?" विद्यार्थिनीने तिथल्या तिथे ते वाक्य खोडलं आणि बाईंचं लिहून घेतलं. तोच कागद घेऊन आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. पुढच्या वर्षी हंगामाच्या आधीच उपकेंद्रातून दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या.

ती मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा आठवड्यावर आलेली असताना तिचा फोन आला. म्हटलं, काही अडलं असेल. तिने विचारलं, "मॅडम, यंदा किती जणींच्या गोळ्या तुटल्या?" मी आशाताईंना विचारून संध्याकाळी कळवते म्हणाले.