घासलेले शेवटचे कडवे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या डिजिटल प्रती तयार करण्याचे काम मी करतो. एका देणगीच्या खोक्यातून ओके कंपनीची 4169 क्रमांकाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तीही दोन प्रतींत, तेव्हा त्या दिवसाचे बाकीचे काम बाजूला पडणार हे मला दिसले. एका बाजूला ‘क्रेझी ब्लूज’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इट्स राइट हिअर फॉर यू’ अशी ही दोन गाणी, गायिका मेमी स्मिथ, मुद्रण न्यूयॉर्कमध्ये 10 ऑगस्ट 1920 रोजी, आणि दोन्हींचे गीतकार-संगीतकार पेरी ब्रॅडफर्ड.

ब्रॅडफर्ड यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या चिकाटीशिवाय ही तबकडी निघालीच नसती. अलाबामात जन्मलेले, अटलांटात वाढलेले आणि फिरत्या नाटकमंडळ्यांतून पियानो वाजवत न्यूयॉर्कला पोहोचलेले हे गृहस्थ आपली गाणी घेऊन ध्वनिमुद्रण कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. त्यांच्या हट्टामुळे लोकांनी त्यांचे नाव ‘म्यूल’, म्हणजे खेचर, असे पाडले होते. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, पण या नावाची गाणी तोवर गोरे गायक मुद्रित करीत. कृष्णवर्णीय स्त्रीने गायलेले ब्लूज विकत घेईल कोण, असा कंपन्यांचा सवाल होता. कृष्णवर्णीय गिऱ्हाईकच घेईल, हे ब्रॅडफर्ड यांचे उत्तर होते. ओकेचे ध्वनिमुद्रण पाहणारे फ्रेड हेगर यांच्या मनात आधी सोफी टकर या गोऱ्या गायिकेचे नाव होते. शिवाय कृष्णवर्णीय गायिका घेतल्यास बहिष्काराच्या धमक्याही त्यांना आल्या होत्या. तरीही फेब्रुवारी 1920 मध्ये त्यांनी मेमी स्मिथ यांच्याकडून ब्रॅडफर्ड यांची दोन गाणी गाऊन घेतली, आणि ऑगस्टमध्ये ‘क्रेझी ब्लूज’ झाले. हे गाणे तरी कुठे नवे होते! ब्रॅडफर्ड यांच्या रंगमंचीय कार्यक्रमात मेमी स्मिथ तेच ‘हार्लेम ब्लूज’ या नावाने आधी गात असत. तबकडीचा खप इतका झाला, की पुढच्याच वर्षी ओकेने कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली, आणि कोलंबियानेही जानेवारी 1921 मध्ये मेरी स्टॅफर्ड यांच्याकडून हेच गाणे गाऊन घेतले. रेल्वेच्या पुलमन, म्हणजे शयनयान, डब्यांतील कृष्णवर्णीय सेवक या तबकड्या दक्षिणेकडच्या गावांत नेऊन विकत, असे सांगितले जाते.

आता माझ्या टेबलाकडे. या तबकड्यांत शेलॅक, म्हणजे लाख, असते आणि त्या काळी ती मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातूनच अमेरिकेत येत असे. गोंदिया-गडचिरोलीकडच्या वाचकांना लाखेची ओळख करून द्यायला नको. लाख अल्कोहोलात विरघळते, म्हणून या तबकड्या शुद्ध पाण्यात सौम्य साबण घालूनच धुवाव्या लागतात. धुतल्यावर भिंगाखाली पाहिले, तेव्हा पहिल्या प्रतीचा बाहेरचा भाग चकचकीत काळा होता, पण लेबलाजवळच्या खाचा करड्या पडल्या होत्या. दुसऱ्या प्रतीच्या कडेला तडा गेला होता, आतल्या खाचा मात्र बऱ्या होत्या.

आतल्या खाचा आधी झिजतात त्याला कारण आहे. तबकडीचा फिरण्याचा वेग तोच राहतो, पण घेर लहान होत जातो, म्हणून तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबला जातो. आणि शंभर ग्रॅमहून अधिक भाराखाली चालणारी पोलादी सुई शेवटापर्यंत स्वतःच झिजून धारदार होते आणि खाच खरवडते. प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी असा नियम होता. पण पैसे मोजून तबकडी आणणाऱ्या घरात एकच सुई किती वेळा चालवली जात असेल, हे त्या करड्या खाचाच सांगत होत्या.

वेग ठरवण्यात बराच वेळ गेला. 78 फेऱ्यांची तबकडी म्हणायची पद्धत असली, तरी त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा वेग नेमका तेवढाच असेल याची खात्री नसे, आणि मिनिटाला साडेचार-एक फेऱ्यांचा फरक पडला तर पांढरी चारचे गाणे काळी तीनमध्ये जाते. मायक्रोफोन नव्हताच, गायिका आणि वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे. पियानो आपण वाजवला, असे विली ‘द लायन’ स्मिथ यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. मी कितीही कान दिला तरी त्याची शपथ घेणार नाही.

खरी अडचण शेवटच्या कडव्यात आली. गाणे प्रियकर सोडून गेलेल्या स्त्रीचे आहे, आणि बराच वेळ ते त्याच दुःखात राहते. पण अखेरीस ती म्हणते, की आता अफू ओढीन, बंदूक घेईन आणि एका पोलिसाला गोळी घालीन. 1920 सालच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीच्या तोंडून हे विकले गेले, ही गोष्ट मला अजून अचंबित करते. आणि हीच ओळ पहिल्या प्रतीच्या सर्वांत घासलेल्या भागात. खरखर काढणारे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवले, तेव्हा गाणे गुळगुळीत झाले आणि ओळ नाहीशी झाली. यमकाचे दोन्ही शब्द ‘प’ या स्फोटक व्यंजनावर संपतात, आणि सॉफ्टवेअरला ते स्फोट ओरखड्याच्या टिचकीसारखेच वाटले होते.

आमच्या विभागप्रमुखांना ती गुळगुळीत प्रत पसंत पडली. सूची तयार करणाऱ्या माझ्या ज्येष्ठ सहकारी, ज्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी हेडफोन काढून शांतपणे विचारले, “ती काय करणार म्हणते, ते गेले कुठे?” त्यानंतर जी चर्चा झाली ती तंत्राची कमी आणि हेतूची जास्त होती. प्रमुखांचे म्हणणे, विद्यार्थी खरखर ऐकताच बंद करतात. सहकाऱ्यांचे म्हणणे, ज्यासाठी ऐकायचे तेच पुसले तर बंद केलेले बरे. मी सहकाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि तसे स्पष्ट बोललो.

लेबलाशेजारी मॅट्रिक्सचा, म्हणजे मूळ मुद्रणाचा, आणि टेकचा, म्हणजे ते कितव्यांदा गायले त्याचा, असे आकडे असतात; ते दोन्ही प्रतींवर जुळले, म्हणजे दोन्ही एकाच मुद्रणाच्या होत्या. त्यामुळे ऐकण्याच्या प्रतीसाठी सुरुवात पहिलीतून आणि शेवटचे कडवे दुसरीतून घेऊन सांधा जोडला आणि सांधा कुठे आहे, याची वेळ सूचीत लिहिली. जतनाच्या फायली मात्र दोन्ही प्रतींच्या, कोणताही हात न लावता, खरखरीसह ठेवल्या. विषयाच्या रकान्यात सहकाऱ्यांनी ‘पोलीस’ हा शब्द आग्रहाने घातला. 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणे अमेरिकेत 1 जानेवारी 2022 पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असल्याने परवानगीचा प्रश्न नव्हता.

त्याच खोक्यात व्होकॅलियन कंपनीची 15165 क्रमांकाची तबकडीही होती. नोव्हेंबर 1925 चे हे मुद्रण ‘पेरी ब्रॅडफर्ड्स जॅझ फूल्स’ या नावाने निघाले. त्यात कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखे वाद्य, लुई आर्मस्ट्राँग यांचे, आणि एका बाजूला ब्रॅडफर्ड यांचे ‘आय एन्ट गोना प्ले नो सेकंड फिडल’ हे गाणे, जे ब्लूजच्या विख्यात गायिका बेसी स्मिथ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात आर्मस्ट्राँग यांच्याच साथीने गायले होते. इथे मात्र गळा खुद्द ब्रॅडफर्ड यांचा आहे. गाणाऱ्याचा म्हणावा असा तो आवाज नव्हे. बेसी स्मिथ यांच्यापुढे तर नाहीच. 1925 ची मुद्रणे 1 जानेवारी 2026 पासून मुक्त झाल्याने ती तबकडीही मी त्याच यादीत पुढच्या क्रमांकावर घेतली.