वरच्या वर

मे महिन्यातल्या भर दुपारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, साबुदाण्याच्या पापड्यांच्या मधोमध, अर्धा मासा पडला.

पापड्या उपासाच्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या. आषाढीच्या आत डबा भरून ठेवायचा म्हणून त्यांनी पहाटे उठून त्या घातल्या होत्या, आणि ज्या प्लॅस्टिकवर घातल्या तेसुद्धा फक्त याच कामासाठी वर्षभर गुंडाळून ठेवलेलं. त्यामुळे आधी हळहळ आणि मग चौकशी. इमारतीत उघडपणे मासे खाणारी घरं मोजकीच (न सांगता खाणारी बरीच), त्यातलं एक आमचं. मला वर बोलावणं आलं.

मासा पाहिला. बोयट. शेपटीकडचा भाग शाबूत, डोकं गायब, पाठीत दोन खोल भोकं. आम्ही राहतो ठाण्यात, खाडीपासून घारीच्या हिशोबानं दोन मिनिटांवर. तिनं खाडीत उचलला असणार, डोक्याकडून खायला सुरुवात केली असणार, कावळे मागे लागले असणार आणि दिला टाकून. सरळ गोष्ट आहे. मी म्हटलं, "घारीचं काम दिसतंय."

काकूंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला एकदम मामी आठवली.

मामा रत्नागिरीला कचेरीत होता. रविवारी, आणि साहेब दौऱ्यावर असला की इतर वारीही, तो भाट्याच्या पुलाकडे गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जायचा. काजळी नदी तिथं समुद्राला मिळते. अलीकडे राजिवड्याच्या होड्या, पलीकडे भाट्याचं सुरूबन. मामाकडे बांबूची काठी, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं, गरी (गळाचा आकडा) आणि आमिषाला कागदात बांधलेली कोलंबी. घड्याळ त्याच्याकडे होतं, पण पाण्याच्या बाबतीत विश्वास पंचांगावर. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणकी मला शाळेत कुणी शिकवली नाही, ती मामानं कठड्याला टेकून शिकवली. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, त्याला ओढ नाही. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा शिसं जड लावायचं. एवढं सगळं गणित करून तो बसायचा, आणि मासे आपल्या सोयीनं यायचे किंवा यायचे नाहीत.

त्याचे नियम दोन. "मिळालं काय?" असं येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारायचं नाही, विचारलं तर त्या दिवसाचं गरवणं संपलं, काठी गुंडाळायची. आणि मासा जमिनीला टेकल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही. तोवर तो नुसता 'आहे'. "आहे रे, आहे!"

बरेचदा नसायचाच. घरी मामीनं खोबऱ्याचं वाटप करून ठेवलेलं असायचं. मामा मागल्या दारी पाय धुवायचा, बराच वेळ धुवायचा, आणि तिच्याकडे न बघता सांगायचा, "चांगला होता गो. घारीनं नेलान."

"पिशवी तरी दिलात काय घारीला?" मामी म्हणायची. मग त्या वाटपात बटाटे पडायचे.

आता विचार केला की वाटतं, सबब म्हणून घारीला तोड नाही. सुटलेल्या माशाची लांबी सांगताना हात कितीही फाकवले तरी ऐकणारा मनात निम्मी करूनच घेतो. शिवाय सुटला म्हणजे गरवणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असा अर्थ निघतो. घारीनं नेलेल्या माशाचं तसं नाही. तो लागला होता, बाहेर आला होता, म्हणजे माणसानं आपल्या बाजूनं सगळं केलं होतं. पुढचं दैव. आणि दैवाला पंख असले की उलटतपासणी करायला माणूस मिळत नाही.

अडचण एकच. एखाद्या दिवशी ती खरोखर नेते.

दिवाळीची सुट्टी होती. मी चौथी-पाचवीत असेन. पाणी चढत होतं, राजिवड्याच्या होड्यांवर ब्राह्मणी घारी फिरत होत्या. विटकरी अंग, पांढरंशुभ्र डोकं. अशा देखण्या पक्ष्यानं माशांची आतडी वेचत फिरावं हे मला त्या वयात पटायचं नाही. मामाच्या काठीचं टोक ठुमकलं. पुन्हा ठुमकलं. त्यानं हिसडा दिला, काठी वाकली, मामा उभा राहिला. "आहे!" त्यानं काठी उचलली आणि तांबूस अंगाचा, चांगला पसाभर मासा पाण्यातून सुटून हवेत झुलत काठाकडे यायला लागला. त्याचं नाव मला माहीत आहे, पण घेणार नाही. तो जमिनीला टेकलाच नाही, त्यामुळे नियम अजून लागू आहे.

घार मागून आली. आवाज नाही, सावली नाही. मला आधी पाय दिसले, पिवळे, पुढे काढलेले, आणि मग मासा तिथं नव्हता. वरच्या वर. पण मासा गरीला होता आणि गरी तंगूसाला, त्यामुळे पुढचा क्षणभर मामाच्या हातात काठी, काठीला तंगूस, तंगूसाला मासा आणि माशाला घार, असं सगळं एका रेषेत आकाशात ताणलं गेलं. मामा पतंग उडवल्यासारखा मागे झुकून उभा. घार जागच्या जागी पंख मारतेय, सोडायला तयार नाही. हाही नाही. कोण जिंकतंय ते कळेना. मग टण्‌कन आवाज झाला, काठी सरळ झाली आणि मामा बसला. घार हवेतच एकदा झोकांडली, सावरली आणि सुरूबनाकडे गेली. माशाखाली हातभर तंगूस लोंबत होता, तो उन्हात चमकताना लांबपर्यंत दिसत राहिला.

मामा एक शब्द बोलला. तो वापरायला मला पुढे कॉलेजात जावं लागलं. मग तो हसायला लागला, खोकला येईस्तोवर हसला. होड्यांवरचे लोकही हसत होते. कुणीतरी ओरडून विचारलं, "मिळालं काय?" आणि त्या एका दिवशी मामानं तेसुद्धा चालवून घेतलं.

घरी पाय धुणं त्या दिवशी झटपट आटपलं. "घारीनं नेलान!"

"ऐकलंय," मामी म्हणाली.

"ह्याला विचार."

तिनं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. घार कशी आली, पाय कसे, काठी कशी वाकली, हातवाऱ्यांसकट. मामीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मामाकडे वळून म्हणाली, "पोरालापण शिकवलंत?"

बटाटे पडले.

पुढे मीही गरवायला लागलो आणि लक्षात आलं की पाण्याकाठी बसणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते. मांडवीच्या धक्क्यावर ऐका, मालवणला ऐका. खाल्लेल्या माशांविषयी कुणी फार बोलत नाही. नेलेल्याविषयी मात्र वर्षानुवर्षं, आणि दर वर्षी पक्षी थोडा वाढतो. पहिल्या दिवाळीला घार असते, तिसऱ्या दिवाळीपर्यंत तिचा समुद्रगरुड झालेला असतो.

समुद्रगरुड कोकणात आहे, खोटं नाही. पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर, पोट पांढरं, घरटं उंच आंब्यावर नाहीतर सुरूवर. वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काटक्यांची भर घालत राहतो, त्यामुळे घरट्याचा भारा होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या गावांतून हिंडून ही घरटी शोधली, त्यांच्या नोंदी केल्या. पण याच्या आवडत्या जेवणात समुद्रसाप येतात. घरट्याच्या झाडाखाली सापांचे सांगाडे सापडतात. तेव्हा "माझा मासा गरुडानं नेला" असं कुणी सांगायला लागला, की मी विचारतो, गरीला साप लावला होतास काय? मैत्री जराशी कमी होते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

गरुडाला स्वतः मेहनत घेण्यापेक्षा दुसऱ्यानं पकडलेलं हिसकावून घेणं जास्त पसंत, हे मात्र खरं. आपला समुद्रगरुड घारींच्या, ऑस्प्रे नावाच्या मासेमार शिकारी पक्ष्याच्या मागे लागून त्यांना मासा टाकायला लावतो. अमेरिकेतला टकला गरुडही तेच करतो, आणि त्याबद्दल बेंजामिन फ्रँकलिननं तक्रार करून ठेवली आहे. १७८२ मध्ये त्यांच्या राष्ट्रमुद्रेवर तो गरुड बसला. १७८४ च्या जानेवारीत फ्रँकलिननं पॅरिसजवळून आपल्या मुलीला पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की या पक्ष्याची चालचलणूक चांगली नाही. वाळक्या झाडावर बसून मासे मारणाऱ्या ससाण्याचे कष्ट बघत राहतो, आणि त्यानं पकडलं की हिसकावून घेतो. एवढा मोठा मुत्सद्दी, इंग्लंडशी तह करून मोकळा झालेला, आणि मन अडकलं कशात, तर घरी पोचायच्या आत गेलेल्या माशात. मामाला हे सांगितलं असतं तर त्यानं फ्रँकलिनला पुलावर जागा करून दिली असती.

आता ऑस्प्रे. पावसाळा सरला की हे उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा तापायच्या आत परत जातात. मासेमार घार म्हणतात काहीजण. हा पक्षी पाहिल्यापासून मला एका गोष्टीचा राग यायला लागला आहे. गरवायला बसल्यानं संयम येतो असं जे लोक सांगत असतात, त्यांचा. हे सांगणारे सहसा स्वतः गरवत नाहीत. तंगूस धरून बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते त्यांना माहीत नसतं. हप्ता, मेहुणा, शेजारच्याला मिळतंय मग मला का नाही. संयम कसला! आणि ज्याचं पोट खरोखर माशावर आहे तो ऑस्प्रे बसून राहतच नाही. खाडीवर फिरतो, एका जागी पंख फडफडवत थांबतो, मग पाय पुढे काढून दगडासारखा पडतो आणि पुरता पाण्यात जातो. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे. तळव्यांना बारीक काटे, बुळबुळीत मासा निसटू नये म्हणून. पाण्यात शिरताना नाकपुड्या बंद. वर आला की हवेतच अंग झाडतो, आणि मासा आडवा असेल तर फिरवून त्याचं तोंड पुढे करून घेतो, वारा कमी लागावा म्हणून. मी पंधरा वर्षं माशाला पिशवीत कसाही कोंबत आलोय.

कित्येकदा तोही रिकाम्या पायांनी वर येतो. तेव्हा मला फार बरं वाटतं. तो मात्र कुणालाच काही सांगत नाही. एक गिरकी घेतो आणि पुन्हा वर.

काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीकाठी, तिवरात, एक घार पाहिली. उलटी लटकलेली. एका पंखाला तंगूस गुंडाळलेला, त्याचं दुसरं टोक फांदीत. मरून बरेच दिवस झाले असावेत. पिसं उरली होती आणि तंगूस अगदी नवा दिसत होता. तंगूसाला काही होत नाही. ऊन, पाऊस, खारं पाणी, काही नाही. तो कुणाचा असेल ते सांगता येणं शक्य नव्हतं. कुणाचाही असेल. खाडीवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे तोच एका दुकानातला.

तेव्हा मला तो हातभर तंगूस आठवला, सुरूबनाकडे गेलेला. मामा हसत होता, राजिवडा हसत होता, मीही. नंतर कित्येक दिवाळ्या ती गोष्ट सांगून झाली, आणि ती नेहमी तिथंच संपायची, घार लांब गेली, दिसेनाशी झाली, मामा बसला. घारीची गोष्ट तिथं संपली नव्हती. ती कुठल्यातरी सुरूवर जाऊन बसली असेल. पायात मासा. माशाच्या जबड्यात गरी.

आणि घार डोक्याकडून खाते.

मामाशी हे बोलायला हवं होतं का, माहीत नाही. तो असताना सुचलं नाही. मी आता एवढंच करतो, की गरीचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करतो आणि मगच ती तंगूसाला बांधतो. खाताना पक्ष्याच्या तोंडात गेलीच तर निदान सुटून पडायची शक्यता राहते. तुटके तुकडे, माझे आणि दुसऱ्यांचेही, गोळा करून घरी आणतो. काटा नसल्यामुळे मासेही सुटतात. पुष्कळ सुटतात, काठावर आलेले, नाव ओठांवर आलेले. बायको विचारते, आज काय झालं?

घारीनं नेला, म्हणून सांगतो.